राख्याला शेपटी नव्हती

आमच्या डोंगराच्या पायथ्याला, खालापूरहून आत येणाऱ्या रस्त्यावर, एका मुंबईकराने रिसॉर्ट काढलं आहे. त्याच्या फाटकात सिमेंटचा एक प्राणी उभा केलाय. अंगभर केस, बोटं नसलेले गोल पाय, आणि मागे जमिनीला टेकलेली जाड शेपटी. खाली पाटी: 'राख्या. या रानातला न सापडलेला प्राणी.' शनिवार-रविवारी येणारी माणसं त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात.

गेल्या वर्षी तिथला मॅनेजर माझ्या ओटीवर आला. पोरगा सभ्य होता. म्हणाला, "आजोबा, त्या शोधात तुम्ही पुढे होतात असं गावात सांगतात. पाहुण्यांना जरा गोष्ट सांगायला या ना. जेवण आमच्याकडेच."

मी त्याला चालता हो म्हणालो. तो हसत उतरला आणि बरोबरच्या माणसाला म्हणाला, "म्हातारा कडक आहे."

त्या पोरावर ओरडून काय होणार होतं? ती शेपटी त्याने लावलेली नाही. मी लावली. सिमेंटची नव्हे, पण त्याच जागी. आणि ती लावताना मी बावीस वर्षांचा, मॅट्रिक झालेला, गावातला हुशार म्हणून मिरवणारा माणूस होतो. तेव्हा आता गोष्ट सांगायचीच तर सगळी सांगतो. ज्याला जेवता जेवता ऐकायची आहे त्याने हात धुवून घ्यावेत.

आमच्याकडे भाताची रोपं टाकायच्या आधी राब भाजतात. उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर शेण, पालापाचोळा, झाडांच्या छाटलेल्या फांद्या असे थर घालायचे, वर मातीचा पातळ थर पसरायचा आणि वारा पडलेला बघून पेटवायचं. जमीन भाजून निघते, तण मरतं. मागे राहते ती मऊ, पिठासारखी राख. पाऊस पडेपर्यंत ती तशीच पडून असते. बाकी सगळं रान त्या दिवसांत दगडासारखं कडक. बैल चालला तरी खूर उमटत नाही. पण राबाच्या राखेत मांजर चाललं तरी सकाळी दिसतं.

त्या वर्षी आमच्या आणि शेजारच्या राबांत पाऊल दिसायला लागलं. पन्नासचं दशक संपत आलं होतं. मोहोपाड्याच्या बाजूला कारखान्यांसाठी जमिनी मोजायला माणसं फिरू लागली होती, त्याच सुमाराची गोष्ट. पाऊल गोल, आखूड, बोटांशिवायचं. उखळीचा बुंधा टेकवावा तसं. दोन पावलांच्या कडेने मधून मधून एक लहान गोल भोक. आणि राबाच्या कडेला ओंजळ ओंजळ राख उकरून नेलेली.

गाव जमला. आमच्या भावकीतला एक चुलता होता, त्याचं चौकला हायवेवर चहाचं दुकान होतं. ट्रकवाल्यांच्या संगतीने त्याची जीभ सैल झालेली. तो उकिडवा बसून म्हणाला, "राख खातंय बघा हे. मिठाच्या चवीनं येतंय. दुसरीकडं कुठंच पाय नाय त्याचा. राखंतच हाय."

"मंग नाव ठेवा की त्याचं, बारसं करू," कुणीतरी म्हणालं.

"राख्या!" चहावाला म्हणाला, आणि सगळे हसले.

दुसरीकडे कुठेच पाऊल नाही, म्हणून ते राखेसाठीच येतं! यात काय चुकतंय ते एकाच्याही ध्यानात आलं नाही. पिढ्यानपिढ्या राब भाजणारी माणसं आम्ही. राखेत सगळं उमटतं आणि कडक जमिनीत काहीच उमटत नाही, हे शेंबड्या पोराला कळत होतं. पण नवलाची गोष्ट अंगणात आली की माणूस आपलंच शहाणपण बाजूला ठेवतो. मी तर ठेवलंच. मी पट्टी आणून पाऊल मोजलं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, हा काय सांगतो म्हणून. मला काहीच माहीत नव्हतं. पण गाव वाट बघत होता, आणि मला ते आवडलं. मी त्या गोल भोकाकडे बोट दाखवून म्हणालो, "ही शेपटी. चालताना टेकतो. शेपटीवर भार देऊन उभा राहणारा प्राणी आहे हा. पुस्तकात असे असतात."

कुठल्या पुस्तकात? कसल्याच नाही. तिथेच शेपटी फुटली राख्याला.

मग शोध सुरू झाला. सकाळी न्याहारी करून आम्ही दहा-बारा जण काठ्या, कोयते, दोन कुत्री घेऊन डोंगर चढायचो. पुढे मी. कारवीतून वाट काढायची, ओहोळाच्या कोरड्या पात्रात दगड उलटायचे, झाडांच्या साली बघायच्या. कुठे साल घासलेली दिसली की मी सांगायचो, "अंग घासतो इथं." विष्ठा दिसली की चहावाला काडीने ढवळायचा आणि म्हणायचा, "बघ रं मास्तर, आज काय जेवलाय तुझा राख्या." मला गावात कुणी मास्तर म्हणत नव्हतं, त्या दिवसांत म्हणायला लागले. चहावाल्याने चौकला ट्रकवाल्यांना सांगून सांगून राख्याला बैलाएवढा केला. बायका लाकडाला जायच्या बंद झाल्या. पोरांना संध्याकाळी घरात कोंडू लागले. एक वासरू मेलं, बहुतेक सापाने, ते राख्याच्या नावावर गेलं. हे सगळं बघताना मला भीती वाटायला हवी होती. मला मजा येत होती.

एके दिवशी ओहोळाच्या वरच्या अंगाला, एका कपारीत, आम्हाला त्याची निजायची जागा सापडली. सुकल्या पाल्याचं अंथरूण. त्याभोवती राखेचं गोल कडं, हात ओढून केलेलं. आणि एका दगडाला काळी लोकर अडकलेली.

"केस!" चहावाला ओरडला. "केस गावले राख्याचे!"

सगळ्यांत पुढे मी होतो, म्हणून ती लोकर आधी माझ्या हातात आली. तिच्यात लाल दोरा होता. आमच्या घरातल्या एका घोंगडीची कड उसवली म्हणून माझ्या आईने, ती गेली त्याच्या आदल्या वर्षी, ती लाल दोऱ्याने शिवली होती. ती घोंगडी आमच्या घरात नव्हती. ती माझे काका मुंबईला म्हणून निघाले तेव्हा खांद्यावर टाकून घेऊन गेले होते.

मी लाल दोरा ओढून खिशात टाकला आणि काळी लोकर वर धरून म्हणालो, "केसच हायत."

आता काकांविषयी. माझ्या वडिलांचा हा एकच भाऊ. लग्न झालेलं नव्हतं. राब भाजण्यात त्यांच्यासारखा हात गावात नव्हता, वारा कधी पडणार ते हवेकडे बघून सांगायचे. मग त्यांच्या पाठीवर चट्टे आले. मग बोटं बधीर झाली, निखारा धरला तरी कळेना. घरात सगळ्यांना समजलं आणि कुणी शब्द उच्चारला नाही. महारोग. एका पहाटे वडिलांनी त्यांना खोपोलीला गाडीत बसवून दिलं. गावात सांगितलं, मुंबईला गिरणीत चिकटला. पुढे वर्षभराने सांगितलं, तापाने गेला. नुसतं सांगितलं नाही, दहावं-तेरावं केलं. मी डोकं भादरून घेतलं. जिवंत माणसाच्या नावाने पिंड ठेवला आणि त्याला कावळा शिवला म्हणून गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. कावळ्याला भूक लागली होती, दुसरं काय.

हे मरण खोटं आहे ते मला तेव्हा माहीत नव्हतं. ते खरंच गेले असं मी समजत होतो. पण एक गोष्ट माहीत असायला हवी होती, ती मला पुढे कळली आणि तिने अजून अंगाची आग होते. या रोगाच्या गोळ्या तेव्हा निघाल्या होत्या. सरकारी दवाखान्यात मिळत होत्या. आमच्या घरातलं कुणी विचारायला गेलं नाही, कारण विचारलं असतं तर कळलं असतं. रोगाने बोटं नेली. माणूस आम्ही नेला, आब्रूसाठी.

दुसऱ्या दिवशी लाकडं आणतो म्हणून मी एकटाच वर गेलो. कपारीच्या खाली करवंदीच्या जाळीत ते बसले होते, दिवसा बसायचे तिथे. पायांना गोणपाट गुंडाळून सुतळीने आवळलेलं. हातात बांबूची काठी. चेहरा ओळखू येईना, पण आवाज तोच.

"आला का रं शिकारी?" ते म्हणाले. "काल माझं हंतरूण धुंडाळलंत. मी हितंच होतो, समदं ऐकत. कुत्र्यांना वास कळला, तुमाला नाय."

मी उभाच राहिलो. जवळ गेलो नाही. हेही लिहायला हवं.

"मला शेपटी हाय म्हणं," ते म्हणाले. "कुठं हाय ती? बसताना टोचत कशी नाय?" आणि हसले. त्यांच्या हसण्यावर मलाही हसू आलं असतं तर बरं झालं असतं.

"राख कशाला नेता?" मी विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

"मुंग्या रं. उंदीर. पायाला कळत नाय ना, निजल्यावर कुरतडतात. राखेचं कडं घातलं की येत नाय." मग म्हणाले, "आन राब बघवत नाय लांबून. बांध फुटला व्हता शेजारच्या अंगाला, तो लावला मी. दिसला का तुमाला? नाय दिसला. पाय तेवढा दिसला."

मुंबईत पुलाखाली राहिले होते. तिथे मरायलाही रांग लागते, म्हणाले. वडिलांना ते आल्याचं माहीत होतं. संध्याकाळी शिवेवरच्या ऐनाच्या झाडाच्या बुंध्याशी वडील भाकरी ठेवून यायचे. मला सांगितलं नव्हतं. मीही पुढे त्यांना सांगितलं नाही की मला कळलंय. एकाच घरात दोन माणसं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होती.

काकांनी एकच मागणं केलं. "पावसात हितं टिकणार नाय मी. शेतावरच्या बेड्यात, गुरांसंगं पडून राहीन. तेवढं तुझ्या बाला इचार."

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. कर्जतच्या पलीकडच्या गावात, चांगल्या घरात. हळदीला थोडेच दिवस होते. घरात महारोगी निघाला असता तर ते लग्न मोडलं असतं आणि दुसरं जमलं नसतं. मी तसं म्हणालो.

"हां हां," ते लगेच म्हणाले. "पोरीच्या अक्षदा पडू दे आधी. मंग बघू. मी कुठं पळतोय, या पायांनी?"

मी उतरलो तो मोकळा होऊन. लग्नापर्यंत ढकलायचं, एवढंच करायचं होतं मला.

पण गाव थांबायला तयार नव्हता. तो मीच पेटवला होता. चहावाल्याने ठरवलं होतं की डोंगराची ती बाजू खालून पेटवायची आणि राख्याला बाहेर काढायचं. रान पेटवायचं तर गावदेवीचा कौल घ्यावा लागे. देवीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि ज्या बाजूची पाकळी आधी पडेल ते उत्तर. गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. देवीसमोर प्रश्न कसा मांडायचा, ते आमच्या घराने ठरवायचं. गुरवानेही नाही.

सगळा गाव देवळात. गुरवाने पाकळ्या लावल्या. वडील पुढे झाले आणि थांबले. मग माझं कोपर धरून म्हणाले, "तू घाल. माझा घसा बसलाय."

घसा बसलेला नव्हता. सकाळी बैलांना शिव्या घालताना मी ऐकला होता तो घसा.

मी हात जोडले आणि म्हणालो, "आई, राबात येतंय ते जनावर असंल तर उजवा दे, रान पेटवू. भूतबाधा असंल तर डावा दे, तुझा मान देऊ."

मागून एक म्हातारी ओरडली, "आन माणूस असंल तर? चोर-चिलट?"

माझ्या हातात होतं. तिसरा प्रश्न घालता आला असता, कौल पुन्हा लावता आला असता. कुणी अडवलं नसतं. मी मागे वळून म्हणालो, "आजी, माणसाचा पाय असा असतो का? तुझा हाय का असा?"

गाव हसला. म्हातारी पण हसली. उजवी पाकळी पडली.

कुणी म्हणेल देवीने खोटा कौल दिला. कुणी म्हणेल, विचारलं तेवढ्याचंच उत्तर तिने दिलं. मी इतकी वर्षं या दोन्हींच्या आड लपून बसलो. आज म्हणतो, देवीचा यात संबंध नाही. दोनच उत्तरांचा प्रश्न मी घातला. आणि तो माझ्याकडून घालून घेतला माझ्या बापाने.

सकाळी उन्हं तापल्यावर गवत पेटवलं. खालून आणि दोन्ही कडांनी. वैशाखातलं गवत, वर चढता वारा. आग चालत नव्हती, धावत होती. आदल्या संध्याकाळी मी वर जाऊन सांगू शकत होतो. गेलो नाही. मनाशी म्हणालो, त्यांना कान आहेत, आरडाओरडा ऐकतील, धूर बघून वरच्या सुळक्याकडे निघून जातील. पण डोळे अर्धे गेले होते त्यांचे, ते मी करवंदीत बघितलं होतं. पायही बघितले होते. सगळं बघून मी गवत पेटवणाऱ्यांच्या ओळीत उभा राहिलो, आणि आग माझ्या बाजूने मागे पडली तेव्हा चहावाल्याने हाक मारली, "मास्तर, लाव की रं, हातांना मेंदी हाय का?" आणि मी लावली.

दुसऱ्या दिवशी राख निवल्यावर सगळे वर निघाले. मी पळत पुढे गेलो. ते ओहोळात होते, पाण्यासाठी आले असावेत, पाणी कधीचं आटलेलं. मी परत खाली येऊन दोन्ही हात पसरून सगळ्यांना अडवलं. म्हणालो, "जनावरच हाय. जळलंय, सडलंय. जवळ जाऊ नका कुणी, रोग लागंल."

हेच शब्द. रोग लागंल. जिवंतपणी आमच्या घराने त्यांना जे न बोलता ऐकवलं, ते मी गावासमोर बोलून त्यांच्यावर टाकलं. गाव लांबून नमस्कार करून परतला. चहावाला हळहळला, म्हणाला कातडं तरी घ्यायचं होतं.

मी आणि वडील, दोघांनी मिळून त्यांना तिथेच दगडांखाली ठेवलं. वडील एकदाच बोलले. "पाय झाक त्याचे," म्हणाले. घरी येऊन त्यांनी आंघोळ केली आणि मांडवाचे बांबू मोजायला लागले.

लग्न झालं. अक्षता पडल्या. डोंगराची ती बाजू अजून काळी होती आणि वऱ्हाडी विचारत होते, वणवा कसा लागला म्हणून. चहावाल्याने प्रत्येकाला राख्याची गोष्ट सांगितली. त्या जागेला तेव्हापासून राख्याचा माळ म्हणतात. रिसॉर्टवाल्याला सातबाऱ्याबरोबर गोष्ट फुकट मिळाली.

वडील पुढे वीस-बावीस वर्षं जगले. आम्ही दोघं या विषयावर एक शब्द बोललो नाही. मरताना त्यांनी माझा हात धरला, मला वाटलं आता बोलतील. पाणी मागितलं.

मॅनेजर येऊन गेला त्या आठवड्यात मी बहिणीकडे गेलो. तिची नातवंडं आता कॉलेजात जातात. तिच्या ओटीवर बसून मी तिला सगळं सांगितलं, इथे लिहिलंय तसंच. मला वाटलं होतं ती रडेल. मी तिच्या संसारासाठी केलं, असं काहीतरी माझ्या तोंडून शेवटी निघालं. मनात तेच धरून मी इतकी वर्षं काढली होती.

ती तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं.

"माझ्यासाठी?" ती म्हणाली. "मला इचारलं व्हतं?"

मी सुपातले खडे वेचायला लागलो.

"दादा, मी इचारते. तू, नायतर आपले आबा, एकानं तरी मला इचारलं व्हतं का? का मीबी जनावर व्हते?"

"लग्न मोडलं असतं गं."

"मोडलं असतं तर मोडलं असतं! ऱ्हायले असते बिनलग्नाची. काकाची भाकर नेऊन दिली असती डोंगरावर. मला घाबरणारी समजलात तुमी? त्यांनी मला नांगरावर बसवून शेतभर फिरवलंय. तुमाला त्यांच्या पाठीवरचा चट्टा दिसायच्या आधी मला दिसलावता. मी बोलले नाय, कारण तुमी त्यांना हाकलाल ते मला ठावं व्हतं." तिचा आवाज चढला तशी सून आतून डोकावली. "आत जा गं," ती सुनेवर ओरडली, आणि मग थांबून म्हणाली, "नाय, थांब. बस हितं. ऐक तू पण. ह्या घरात कुणी काय लपवायचं नाय आता."

मग सुनेसमोर तिने माझ्याकडून पुन्हा सगळं वदवून घेतलं. मी कुठे अडखळलो की "पुढं" म्हणायची. देवळातलं म्हातारीचं बोलणं मी गाळायला बघितलं. तिला कसं कळलं देव जाणे, म्हणाली, "कुणीच इचारलं नाय माणसाचं?" ते सांगावं लागलं.

झाल्यावर म्हणाली, "मला एकटीला सांगून हलका व्हायला आलास. नाय व्हायचं. ज्यांना ज्यांना जनावर सांगितलंस, त्यांना सांग. लिही. तुला लिवता येतं, त्याचाच तर माज व्हता." म्हणून हे लिहितो आहे.

सर्वपित्रीला आमच्या घरी काकांच्या नावाने पान ठेवतात. त्या खोट्या मरणापासून ठेवत आलो. तिने विचारलं, "खरी तिथी कोणती?"

मला आठवेना. आगीचा वारा आठवत होता, हातातली पेटती चूड आठवत होती, तिथी नाही.

ती उठून भिंतीवरच्या देवांपाशी उभी राहिली, बोटांवर मोजायला लागली. हळद कधी, त्याच्या आधी मांडव कधी, मांडवाच्या आधी डोंगराचा धूर घरात आला आणि तिच्या नव्या साड्या वासाने भरल्या तो दिवस कधी. मग तिने तिथी सांगितली. स्वतःच्या लग्नावरून मोजून काढलेली.

"यापुढं त्या तिथीला पान माझ्या घरात ठेवीन मी," ती म्हणाली. "तू ठेवायचं नाय. तुझ्या हातचं त्यांना पोचत नाय."

दुपार झाली होती. चुलीवर भात शिजल्याचा वास येत होता. माझ्या बहिणीने आयुष्यात पहिल्यांदा मला जेवून जा म्हटलं नाही. मी चपला घातल्या आणि स्टँडकडे चालू लागलो.